तेरा प्रश्न: लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराच्या न्यायाचा वाद

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो सर्वस्वी चांगला आहे आणि तरीही त्याने निर्माण केलेल्या जगात रोगराई, दुष्काळ, भूकंप आणि माणसाने माणसावर केलेले अत्याचार आहेत, या विधानांचा मेळ कसा घालायचा, हा ख्रिस्ती धर्मविचारातील अतिशय जुना आणि अतिशय चिवट प्रश्न होय. भारतीय दर्शनांना तो अपरिचित नाही. ईश्वराने हे विषम आणि दुःखमय जग निर्माण केले असे मानले तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन दोष येतात, ही शंका ब्रह्मसूत्रांनी स्वतःच उपस्थित केली आणि जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून तिचे निरसन केले. ख्रिस्ती विचाराला ही वाट मोकळी नव्हती. त्या मतानुसार माणसाला जन्म एकच, निर्माता एकच आणि त्याने जग घडवले तेही शून्यातून. त्यामुळे दुःखाचा हिशेब मागील जन्मांच्या खात्यावर ढकलता येत नाही, तो त्याच एका निर्मात्याच्या दारात मांडावा लागतो. दीड हजार वर्षे हा हिशेब मुख्यतः मठांत, विद्यापीठांत आणि प्रवचनपीठांवर मांडला जात होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, तो रस्त्यावर आला आणि पुढील सहा वर्षांत त्याच्यापायी हद्दपारी, तुरुंग आणि चिता इथपर्यंत मजल गेली.

त्या दिवसापर्यंत जी उत्तरे प्रचलित होती, त्यांपैकी सर्वांत वजनदार उत्तर उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याचे होते. तरुणपणी तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होता आणि त्या पंथाने प्रश्न एका फटक्यात सोडवला होता: प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे अनादी काळापासून झगडत आहेत, तेव्हा दुःख हे अंधाराचे काम, त्यात चांगल्या देवाचा काय दोष? ख्रिस्ती झाल्यावर ऑगस्टीनला ही सोय सोडावी लागली, कारण दुसरे तत्त्व मान्य केले की ईश्वर सर्वशक्तिमान राहत नाही. त्याने मांडलेला सिद्धान्त असा की, वाईट ही मुळी स्वतंत्र वस्तूच नव्हे. अंधत्व म्हणजे जसा डोळ्यातील दृष्टीचा अभाव, तसे वाईट म्हणजे जिथे चांगले असायला हवे तिथे ते नसणे. हा अभाव जगात शिरला तो निर्मित जीवांना दिलेल्या इच्छास्वातंत्र्याच्या गैरवापरातून, आधी बंडखोर देवदूतांच्या आणि मग आदामाच्या. आदामाच्या पापाचा वारसा, ज्याला आदिपाप म्हणतात, प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो आणि मृत्यू व वेदना हे त्याचेच फळ. दुसऱ्या शतकातील लियाँचा बिशप इरेनेयस याची मांडणी अधिक मवाळ होती. माणूस अपक्व निर्माण झाला, वाढण्यासाठी निर्माण झाला आणि खडतर जग हे त्या वाढीचे स्थान, असे तो मानी. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने ऑगस्टीनच्या मांडणीला तर्काची शिस्त दिली आणि ईश्वर वाईट घडवत नाही, पण त्यातून अधिक मोठे चांगले काढता यावे म्हणून ते घडू देतो, हा भेद पक्का केला. ‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ यांतील हा भेद पुढच्या सगळ्या वादाचा कणा ठरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑगस्टीनने आपला मोठा ग्रंथ ‘ईश्वराचे नगर’ लिहायला घेतला, तोच एका शहराच्या विध्वंसानंतर. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले, तेव्हा जुन्या देवांच्या उपासकांनी त्याचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवला, की तुम्ही देव बदललात म्हणून ही वेळ आली. ऑगस्टीनने उलट ठपका ठेवून परतफेड केली असे नाही; एकच आपत्ती भल्यावर आणि बुऱ्यावर सारखीच कोसळते, फरक पडतो तो ती सोसणाऱ्याच्या अंतःकरणात, अशी भूमिका त्याने घेतली. कोणते शहर का बुडाले, याचा ठोकताळा मांडण्यास त्याचा नकार होता. त्याचे नाव घेणाऱ्या प्रवचनकारांनी हा नकार फारसा पाळला नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस पिएर बेल या हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट विद्वानाने आपल्या १६९७ च्या कोशात खोडसाळपणे दाखवून दिले की निव्वळ तर्काच्या बळावर मानी पंथाला हरवणे अशक्य आहे, श्रद्धेनेच काय ते हरवता येईल. प्रशियाची राणी सोफी शार्लोट हिच्याशी या विषयावर झालेल्या संभाषणांतून जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने उत्तर तयार केले आणि ते १७१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या नावासाठी त्याने ग्रीकमधील ‘थिऑस’ म्हणजे ईश्वर आणि ‘दिके’ म्हणजे न्याय हे शब्द जोडून ‘थिओडिसी’ हा नवा शब्द घडवला; मराठीत त्याला ईश्वरन्यायाचे समर्थन म्हणता येईल. लायब्निझचे म्हणणे असे की, ईश्वरापुढे असंख्य संभाव्य जगे होती, त्याच्या ज्ञानाला, चांगुलपणाला आणि सामर्थ्याला मर्यादा नसल्यामुळे त्याने त्यांतील सर्वोत्तम जग निवडले असलेच पाहिजे आणि या जगात जे दुःख दिसते ते वजा केले तर उरणारे जग एकंदरीने अधिक वाईट ठरले असते. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने १७३३–३४ मध्ये याच अंगाने जाणारा विचार पद्यात गुंफला आणि तो युरोपभर वाचला गेला. ‘सर्व काही ठीक आहे’ हे सूत्र इतके रूढ झाले की बर्लिनच्या विज्ञान अकादमीने पोपच्या या मताची परीक्षा हाच विषय १७५५ च्या बक्षिसासाठी ठेवला. निबंध आले, बक्षीस दिले गेले आणि त्यानंतर काही महिन्यांनी जमीन हलली.

त्या शनिवारी सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, मिस्सा चालू असताना आणि वेदींवर सणाच्या मेणबत्त्या तेवत असताना, काही मिनिटांच्या अवधीत तीन धक्के बसले आणि मधला सर्वांत विध्वंसक ठरला. दगडी घुमट आणि कमानी भक्तांवर कोसळल्या. जे बाहेर पडले त्यांतील अनेकांनी इमारतींपासून दूर म्हणून तेजो नदीचा मोकळा काठ गाठला आणि तासाभराच्या आत-बाहेर समुद्राच्या लाटा नदीच्या मुखातून आत येऊन त्या काठावर आदळल्या. पडलेल्या मेणबत्त्या आणि घरोघरच्या चुली यांतून आगी लागल्या, वाऱ्याने त्या एक झाल्या आणि पाच-सहा दिवस शहर जळत राहिले. नदीकाठचा राजवाडा, त्यातील सत्तर हजार ग्रंथांचे संग्रहालय, टिशियन आणि रूबेन्स यांची चित्रे आणि त्याच वसंत ऋतूत उघडलेले भव्य ऑपेरागृह नष्ट झाले. सर्व संतांच्याच नावाचे मोठे इस्पितळ खाटेवरील रुग्णांसह जळाले. स्पेनचा राजदूत आपल्या निवासाच्या दारातून बाहेर धावत असता दारावरील राजचिन्हाचा दगड त्याच्यावर पडून ठार झाला. सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा लाखावर गेला होता; आजचे बहुतेक अभ्यासक तो तीस ते चाळीस हजारांच्या आसपास धरतात, आणि ते शहर सुमारे दोन लाख वस्तीचे होते.

विनाशाची निवड विचित्र होती आणि त्याच विचित्रपणाने धर्मविचाराला पेचात टाकले. बहुसंख्य चर्चे आणि मठ पडले, रोस्सियु चौकातील इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा करणाऱ्या धर्मसमीक्षण न्यायालयाचा वाडा पडला, पण बदनाम वस्तीतील कुंटणखाने मात्र उभे राहिले, असे लोक एकमेकांना सांगत होते. राजा जुझे पहिला आणि त्याचे कुटुंब त्या वेळी शहराबाहेर बेलें येथे होते म्हणून वाचले. पुढे राजाने दगडी छपराखाली झोपण्याचा इतका धसका घेतला की अजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी मंडप यांचा राजवाडा उभारून तो आयुष्यभर तिथेच राहिला. त्याच सकाळी समुद्रापलीकडे मोरोक्कोतील फेज आणि मेकनेस ही मुसलमानी शहरेही हादरली होती. लिस्बन कॅथलिक होते म्हणून पडले, असे म्हणणाऱ्यांनी मेकनेसचे काय करायचे आणि कॅथलिकांच्या पापांमुळे पडले, असे म्हणणाऱ्यांनीही तिथल्या मशिदींचे काय करायचे, हा प्रश्न दोघांनीही सोईस्करपणे बाजूला ठेवला.

कारण ठपक्यांची चढाओढ तर लगेचच सुरू झाली. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने काही आठवड्यांतच पुस्तिका काढून हा ईश्वराचा इशारा असल्याचे बजावले आणि लिस्बनमधील इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताकडे बोट दाखवले; ६ फेब्रुवारी १७५६ हा दिवस इंग्लंडभर सार्वजनिक उपवास आणि प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला. हेही नोंदले पाहिजे की त्याच इंग्लंडच्या पार्लमेंटने एक लाख पौंडांची मदत मंजूर केली. पोर्तुगालमधील कित्येक प्रवचनकारांना दोष दिसला तो इंग्रज प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांना राजधानीत मोकळीक दिल्याचा. फ्रान्समधील जान्सेनिस्ट पंथीयांना, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्याच जेझुइटविरोधी कर्मठ गटाला, त्यात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची शिक्षा दिसली. पोर्तुगाल सोडून लंडनमध्ये प्रॉटेस्टंट झालेला ‘काव्हालेइरु’ फ्रान्सिश्कु शाव्हिएर द ओलिव्हेइरा याने १७५६ मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तिका लिहून आपल्या जुन्या राजाला कळवले की मूर्तिपूजा आणि इन्क्विझिशन हीच या कोपाची कारणे आहेत. एकाच भूकंपाने इतके परस्परविरोधी गुन्हे सिद्ध केले. शिक्षेच्या सिद्धान्ताचे हे मूळचेच दुखणे आहे: तो शेजाऱ्याच्या पापापासून सुरू होतो.

वस्तुतः ख्रिस्ती धर्मग्रंथातच या घाईला लगाम होता. लूकच्या शुभवर्तमानात असा प्रसंग आहे की शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमातील इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच उपस्थित करतो, त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी देतो आणि मग ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाविषयीही, याने पाप केले की याच्या आईबापांनी, या शिष्यांच्या प्रश्नाचे दोन्ही पर्याय तो नाकारतो. जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक तर संपूर्ण याच विषयावर आहे: निर्दोष ईयोबाला तू काही तरी पाप केलेच असशील असे पटवू पाहणाऱ्या मित्रांना शेवटी ईश्वराकडूनच बोल लागतो. पण जुन्या करारात सदोम आणि गमोरा ही जळालेली शहरेही आहेत आणि पापांची जाणीव होऊन वाचलेले निनवेही आहे. प्रवचनकाराला कोणती कथा निवडायची याचे स्वातंत्र्य होते आणि शहराच्या राखेत उभा असलेला प्रवचनकार शिलोहाचा बुरूज क्वचितच निवडी.

लिस्बनमध्ये ही निवड सर्वांत ठामपणे केली ती गाब्रिएल मालाग्रिदा याने. उत्तर इटलीत १६८९ मध्ये जन्मलेला हा जेझुइट पाद्री ब्राझीलच्या मारान्यांव प्रांतात वर्षानुवर्षे पायपीट करून संतपणाची ख्याती मिळवून १७५४ साली लिस्बनला परतला होता. १७५६ च्या शरदात त्याने भूकंपाच्या खऱ्या कारणाचा निवाडा करणारी छोटी पुस्तिका रीतसर परवाना घेऊन छापली. तिचा आशय असा की, घरेदारे आणि राजवाडे पाडणारे कारण धूमकेतू नव्हेत, तारे नव्हेत, भूगर्भातील वाफा नव्हेत, तर लिस्बनवासीयांची घृणास्पद पापे होत. नैसर्गिक कारणांच्या गप्पा मारणारे लोक जनतेला पश्चात्तापापासून परावृत्त करतात, म्हणून तेच खरे घातकी. आणि रानात झोपड्या बांधण्याच्या खटपटीपेक्षा सहा दिवस एकांतात बसून आत्मचिंतन करणे अधिक उपयोगाचे. मालाग्रिदा दुष्ट नव्हता. त्याच्या दृष्टीने शिक्षा म्हणजे ईश्वराने अजून हात सोडला नसल्याची खूण. निरर्थक आपत्तीपेक्षा अर्थपूर्ण शिक्षा सोसणे सोपे, हे त्याला हजारो पापकबुल्या ऐकून ठाऊक होते. मृत मुलाच्या आईला मात्र या अर्थाची किंमत स्वतःच्या अपराधीपणाने मोजावी लागत होती, हे त्याने लक्षात घेतल्याचे पुस्तिकेत दिसत नाही.

ती पुस्तिका ज्याच्या वर्मी लागली, तो मंत्री सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु इ मेलु, जो पुढे मिळालेल्या पोंबालचा मार्किस या किताबाने इतिहासाला परिचित आहे, नास्तिक नव्हता. भूकंपानंतर पोपकडे अर्ज करून संत फ्रान्सिस बोर्जिया याला भूकंपापासून राज्याचे रक्षण करणारा संत म्हणून जाहीर करवून घेणाऱ्या सरकारचा तो मंत्री होता, आणि बोर्जिया, गंमत म्हणजे, जेझुइटच होता. पोंबालचा आक्षेप व्यावहारिक होता. साथ पसरू नये म्हणून त्याने धर्मगुरूंची अनुमती घेऊन प्रेते होड्यांत भरून समुद्रात बुडवली होती, उघड्यावर फासाचे खांब उभारून तीसहून अधिक लुटारूंना लटकावले होते, धान्याचे भाव बांधून दिले होते आणि शहर सोडून पळणाऱ्या कारागिरांना परत आणले होते. अशा वेळी पहिल्या वर्षदिनी पुन्हा भूकंप होणार अशी आवई उठलेली आणि त्यात एक लोकमान्य साधू सांगतो की बांधकामापेक्षा प्रार्थना करा. मालाग्रिदाला लिस्बनबाहेर सेतूबल येथे हद्दपार करण्यात आले.

पोंबालच्या सरकारने या वादाला दिलेले खरे उत्तर मात्र वेगळ्याच कागदावर होते आणि ते लिहिताना आपण धर्मशास्त्रात काही करीत आहोत, असे कुणाला वाटलेही नसेल. १७५६ च्या जानेवारीत राज्यातील प्रत्येक पॅरिशकडे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीकडे, तेरा प्रश्नांची यादी गेली आणि उत्तरे लिहायची होती तिथल्या पाद्र्यांनी. भूकंप किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला? एका दिशेने धक्का जास्त जाणवला काय, आणि इमारती एका बाजूला अधिक पडल्या काय? किती माणसे मेली? समुद्र आधी चढला की आधी ओसरला, आणि नेहमीच्या पातळीहून किती वीत वर आला? विहिरींच्या आणि झऱ्यांच्या पाण्यात काय फरक पडला? जमिनीला भेगा पडल्या काय, आणि त्यांतून काही बाहेर आले काय? आग लागली काय? धान्याची टंचाई झाली काय? याआधीच्या एखाद्या भूकंपाची आठवण कुणाला आहे काय?

का, हा प्रश्न यादीत कुठेही नव्हता. ज्या पाद्र्याने आदल्या रविवारी पापांवर प्रवचन दिले असेल, तोच आता विहिरीवर जाऊन पाणी गढूळ झाले होते की नाही याची चौकशी करीत होता, कोळ्यांना विचारून समुद्राची पातळी वितींत मोजत होता आणि भिंत कोणत्या अंगाला पडली हे लिहीत होता. त्याची श्रद्धा त्यामुळे ढळली असे मानायला काहीच आधार नाही. पण त्याच्याकडे विचारणा बदलली होती. सामान्यतः असे लिहिले जाते की लिस्बनच्या भूकंपाने ईश्वरन्यायाच्या समर्थनाचा पराभव केला. हे अर्धेच खरे आहे. तर्क म्हणून लायब्निझचा सिद्धान्त भूकंपाने खोटा ठरत नाही, कारण मृतांची संख्या कितीही सांगितली तरी त्याचा अनुयायी म्हणू शकतो की दुसऱ्या कोणत्याही जगात ती जास्त झाली असती. भूकंपाने बदलले ते प्रश्नाचे स्थान: ईश्वराला विचारायचे प्रश्न आणि पाद्र्याला विचारायचे प्रश्न वेगळे झाले.

तर्काचा समाचार घेण्याचे काम साहित्याने केले. जिनिव्हाजवळच्या आपल्या घरी फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला बातमी कळली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. काही दिवसांतच त्याने लिस्बनच्या आपत्तीवर एक दीर्घ कविता लिहिली, जिच्या उपशीर्षकातच ‘सर्व काही ठीक आहे’ या सूत्राची परीक्षा करण्याचा इरादा जाहीर केला होता. लंडन आणि पॅरिसपेक्षा लिस्बनमध्ये जास्त पापे होत होती काय आणि आईच्या छातीशी चिरडलेल्या बालकांनी कोणता गुन्हा केला होता, असे त्याचे सवाल होते. विशेष म्हणजे त्याचा रोख मालाग्रिदापेक्षाही लायब्निझवर आणि कवी पोपवर जास्त होता. शिक्षेचा सिद्धान्त निदान दुःखाला दुःख म्हणतो. आशावादी तत्त्वज्ञान ते हिशेबात जिरवून टाकते, हा व्हॉल्टेअरचा राग होता आणि तो रास्त होता. कवितेचा शेवट त्याने आशेवर केला, पण ती आशा एखाद्या दिवशी सर्व काही ठीक होईल एवढीच होती, आज ते ठीक आहे ही नव्हे.

तत्त्वज्ञ रूसोने १८ ऑगस्ट १७५६ रोजी या कवितेला पत्राने उत्तर दिले. श्रीमंत, कीर्तिमंत व्हॉल्टेअरला जगात सगळे वाईट दिसावे आणि दरिद्री, आजारी रूसोला चांगले, यावर त्याने थोडी कुरकुर केली आहे, पण त्या पत्रातील एकच मुद्दा टिकाऊ ठरला. सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे एका ठिकाणी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती, असे त्याने सुनावले. लोक विखुरलेले आणि हलक्या घरांत राहिले असते तर हानी फारच थोडी झाली असती, आणि पहिल्या धक्क्यानंतर पळून जाण्याऐवजी कुणी कपड्यांसाठी, कुणी कागदपत्रांसाठी, कुणी पैशांसाठी घरात परतल्यामुळे किती जण मेले! रूसोचा हेतू ईश्वराला दोषमुक्त करण्याचा होता. ऑगस्टीनचा जुना युक्तिवाद, की वाईट माणसाच्या स्वातंत्र्यातून येते, त्याने आदामाच्या बागेतून उचलून लिस्बनच्या गल्लीत आणला, आणि तसे करताना पाप या शब्दाच्या जागी नगररचना आली. आपत्तीशास्त्रात आज नैसर्गिक घटना आणि तिच्यातून होणारी मनुष्यहानी यांत जो फरक केला जातो, त्याच्या आरंभीच्या मांडण्यांत या पत्राची गणना होते. व्हॉल्टेअरने लांबलचक उत्तर दिले नाही. १७५९ साली ‘कांदीद’ ही उपहासात्मक कादंबरी आली आणि आपल्या पत्राचे उत्तर तेच, असे रूसोचे मत झाले.

आपत्तीने ज्यांचे सर्वस्व नेले त्यांनी मात्र बहुधा काहीच लिहिले नाही. धर्मश्रद्धेचे समर्थन करणारे ‘धर्म’ नावाचे प्रदीर्घ काव्य लिहिलेल्या लुई रासीन या फ्रेंच कवीचा एकुलता एक मुलगा त्या दिवशी स्पेनमधील कादिझजवळ समुद्राच्या लाटेत गेला. त्यानंतर रासीन साहित्यातून निवृत्त झाला.

लिस्बनमधील वादाचा शेवट ग्रंथांत झाला नाही. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोंबालने त्या कटाचा आळ ताव्हरा या बड्या सरदार घराण्यावर ठेवला. घराण्याचा प्रमुख फ्रान्सिश्कु दी आसिश द ताव्हरा १७५० ते १७५४ पर्यंत गोव्यात व्हाइसरॉय होता. १३ जानेवारी १७५९ रोजी त्याला आणि त्याची पत्नी लिओनोर हिला बेलें येथे जाहीरपणे ठार मारण्यात आले. त्यांच्या जावयाकडे जो मार्किसचा किताब चालत आला होता तो पेडण्याजवळच्या हळर्ण किल्ल्यावरून पडलेला होता; हा दुसरा अलोर्ण मार्किस राजा मरेपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, कैदेत राहिला. लिओनोर मालाग्रिदाची भक्त असल्याने मालाग्रिदालाही पकडण्यात आले. १७५९ च्या सप्टेंबरात जेझुइटांना पोर्तुगालमधून आणि त्याच्या सर्व वसाहतींतून हाकलण्याचा हुकूम निघाला आणि गोव्यातील त्यांचे मठ आणि महाविद्यालये जप्त होऊन पाद्र्यांना जहाजांत भरून लिस्बनला नेण्यात आले. संत फ्रान्सिस झेवियरचे शव असलेल्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये त्याच्या जेझुइट संघाचे कुणी उरले नाही.

मालाग्रिदावर राजद्रोह सिद्ध करणे अवघड होते. तुरुंगात वृद्धपण आणि एकांत यांनी त्याचे मन बिघडले होते. आपल्याला स्वर्गीय आवाज ऐकू येतात असे सांगत त्याने ख्रिस्ताची आजी संत आन्ना आणि ख्रिस्तविरोधकाचे राज्य या विषयांवर दोन लिखाणे केली होती आणि तीच पुरावा म्हणून पुरेशी ठरली. इन्क्विझिशनच्या प्रमुखपदी आता पोंबालचा भाऊ पाउलु द कार्व्हाल्यु होता. खोटे भविष्य आणि पाखंड या आरोपांखाली मालाग्रिदाला दोषी ठरवून सप्टेंबर १७६१ मध्ये रोस्सियु चौकात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, गळा आवळून मारण्यात आले आणि प्रेत जाळण्यात आले. त्याच सोहळ्यात लंडनला सुरक्षित असलेल्या ओलिव्हेइराचा पुतळाही जाळण्यात आला. इन्क्विझिशनच्या पापांमुळे भूकंप झाला असे म्हणणारा आणि लोकांच्या पापांमुळे झाला असे म्हणणारा, दोघेही एकाच आगीत गेले. कॅथलिक धर्मसंस्थेशी कधीच न पटलेल्या व्हॉल्टेअरनेही या प्रकाराला क्रौर्य आणि मूर्खपणा यांचा कळस मानले. पोंबालच्याच हुकमाने १७७४ साली गोव्यातील इन्क्विझिशन बंद झाले; तो सत्तेवरून गेल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले.

पूर्व प्रशियातील क्योनिग्जबेर्ग येथे इमान्युएल कांट हा त्या वेळी तिशी ओलांडलेला, नाव न झालेला अध्यापक होता. त्याने १७५६ मध्ये भूकंपावर तीन लेख लिहिले आणि जमिनीखालच्या पोकळ्यांत पेटणाऱ्या वायूंनी धक्के बसतात असे प्रतिपादन केले. कारण चुकीचे होते, पण आपत्तीला ईश्वराची शिक्षा ठरवणे म्हणजे ईश्वराच्या हेतूंचे ज्ञान आपल्याला आहे असा अहंकार धरणे होय, हा इशारा त्याने दिला. १७९१ साली, प्रख्यात झाल्यावर, तो याच विषयाकडे वळला आणि ईश्वरन्यायाचे समर्थन करण्याचे तत्त्वज्ञांचे सर्व प्रयत्न फसले आहेत असा निकाल देऊन त्याने ईयोबाचे पुस्तक उघडले. ईयोबाच्या मित्रांचे युक्तिवाद ईश्वराला अनुकूल होते, पण ते त्याची मर्जी राखण्यासाठी केलेले होते. ईयोब मात्र आपल्याला कळत नाही ते कळत नाही असे मोकळेपणाने म्हणाला, आणि ईश्वराने पसंत केला तो हा प्रामाणिकपणा, असे कांटचे वाचन आहे. या सगळ्या वादात ख्रिस्ती परंपरेच्या मूळ गाभ्याशी सर्वांत इमान राखणारे उत्तर एका तत्त्वज्ञाने, आणि तेही उत्तर नाही असे सांगून, दिले असे म्हणावे लागते. इंग्लंडमध्ये जॉन मिचेल या धर्मगुरूने १७६० साली लिस्बनच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि भूकंप म्हणजे जमिनीतून वेगाने पसरणाऱ्या लाटा होत असे दाखवले. तो प्रवचनेही देत असे.

शहर पुन्हा उभे राहिले ते मानुएल दा माइया या सुमारे ऐंशी वर्षांच्या सेनाभियंत्याच्या आराखड्यावरून. सरळ रुंद रस्ते, सारख्या उंचीची घरे, आणि प्रत्येक घराच्या भिंतीत ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणून ओळखली जाणारी तिरप्या फळ्यांची लाकडी चौकट, जी धक्का बसला तर दगड ढळले तरी स्वतः उभी राहावी. तिच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवून चाचणी घेतली, असे सांगितले जाते. याच माइयाने भूकंपाच्या वेळी किल्ल्याच्या पडलेल्या बुरुजातून राज्याचे दप्तर, तोर्रे दो तोंबो, वाचवले होते. पाद्र्यांनी तेरा प्रश्नांना दिलेली पुष्कळ उत्तरे आज त्याच दप्तरात आहेत. नव्या शहराच्या वर, टेकडीवरच्या कार्मो मठाचे चर्च सणाच्या त्या सकाळी छप्पर कोसळून उघडे पडले होते. दुरुस्ती १७५६ मध्ये सुरू झाली, १८३४ मध्ये मठ बरखास्त झाल्यावर थांबली, आणि १८६४ पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. कमानी उभ्या आहेत, छप्पर पुन्हा घातलेले नाही.